सुधारित प्रत

मे महिन्यात गोधडी शिवणारी बाई
अख्ख्या तांडापेठेत मी एकटी.
सकाळी कूलरची टाकी भरून ठेवायची,
आणि वाऱ्याने उडू नये म्हणून
चिंधीचिंधीवर वजन :
अडकित्ता, चष्म्याचं घर, पाचाचं नाणं,
पेन्शनच्या पासबुकाची जाड वही.

कटपीस गांधीबागेतून किलोवर आणलेले.
शर्टांच्या कडा, परकरांचे उरलेले कोन,
कुणाच्या तरी मांडवाची गुलाबी सॅटिनची झालर.
"दोन किलोत दोन गोधड्या," दुकानदार म्हणाला होता.
माझी एकही होईना.

बावीस पट्ट्या जोडून फरशीवर अंथरली
तर खालून सव्वाचार हात, वरून पावणेचार.
शेवंता निखारे दारातूनच बोलल्या,
"मेश्राम मॅडम, गोधडी शिवून राहिल्या का घागरा?"

मी बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात ट्रेसर.
ट्रेसिंग पेपरवर चूक झाली
की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची,
श्वास धरून, भोक न पाडता,
मग नखाने ती जागा घोटायची, नवी शाई फुटू नये म्हणून.
आणि कोपऱ्यातल्या चौकटीत लिहायचं :
सुधारित १. सुधारित २.
एका सांडव्याचा नकाशा सुधारित अकरापर्यंत गेला.
बांधला तो अकरावाच.
पहिल्या दहांना कुणी वाईट म्हटलं नाही,
गुंडाळून कपाटावर ठेवले.

तर तेच अर्धं ब्लेड शोधलं.
तीन दुपारी उसवत बसले.
दोऱ्याचे तुकडे केसांत, उशीवर, एक तर वरणातही.
सुती कापडाची भोकं
पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की मिटतात.
सॅटिनची मिटत नाहीत.
झालरीवर जुन्या टाक्यांची वाट तशीच राहिली,
पाणी सोडायचं राहून गेलेल्या पाटासारखी.

पुन्हा जोडली.
पुन्हा वरून पावणेचार.

रात्री भिंत अजून तापलेली,
तिला पाठ न टेकता मी शिवणी मोजल्या.
प्रत्येक शिवण वरून खाली घेत होते
आणि सुरुवातीला, हात बसेपर्यंत,
दीड-दोन सूत जास्त कापड खात होते.
दीड-दोन सूत. एकवीस वेळा.
दर वेळी तेवढंच, त्याच जागी,
माझ्या सहीसारखं.

"आता अजून उसवता काय?" शेवंताबाई.
"आमच्या घरी मागावरचं पातळ वाकडं निघे
त ओलं करून ताणत होतो.
हे ताणसान त फाटन.
मधातून कापा न मंग."

थट्टेत म्हणाल्या. मी कातर घेतली.
अकरा पट्ट्या इकडे, अकरा तिकडे.
एक अर्ध वरचं खाली केलं, पालथंही केलं,
बाहेरच्या तिरप्या कडा आत आणल्या,
तिरपीला तिरपी लावली
आणि टेप धरला.
वर चार हात.
खाली चार हात.
पुन्हा मोजलं. शेवंताबाईंनाही धरायला लावलं एक टोक.

आता अर्धी गोधडी सुलटी आहे.
अर्ध्या भागात सगळं बाहेर :
शिवणीच्या दांड्या, गाठी,
पेन्सिलीने घातलेले आकडे, त्यातला सात दोनदा,
झालरीची निस्तेज पाठ.
"उलटी बाजू दिसून राहिली हो."
"दिसू द्या."
चौकडीच्या कापडाला तर उलटं-सुलटं नव्हतंच,
ते दोन्हीकडे तेवढंच निळं.

कोपऱ्यात लाल दोऱ्याने लिहिलं : सुधारित ३.
तिसऱ्यातला काना जरा लांब गेला.
तो ब्लेडने काढायला घेतला,
मग जेवायची वेळ झाली.

काल दुसरी घेतली.
या वेळी शहाणपण केलं,
एक शिवण वरून, एक खालून.
दोन्ही टोकांना आता बरोबर चार हात आहे
आणि मधोमध
गोधडीचं पोट सुटलंय.